बिनतिकिटी फूल

डोळ्यावरची पट्टी निघाली तेव्हा चेकरसाहेबांना सगळ्यांत आधी दिसली ती समोरच्या भिंतीवरची फुलं. काचेच्या बरणीत पांढऱ्या फुलांचा गुच्छ, मागे गडद काळोख, खाली लाकडी टेबलाची कड. जुना, मोठा, ब्लॅक अँड व्हाइट फोटो होता तो, बारीक काळ्या चौकटीत बसवलेला. डोळ्यांच्या दवाखान्याच्या त्या बाहेरच्या खोलीत रांगेतले पेशंटही बसत आणि पट्टी काढायच्या दोन खाटाही होत्या; भिंतीवर मात्र दुसरं काहीच नव्हतं.

"ही फुलं कुणी निळीत बुडवली?" त्यांनी विचारलं.

नर्स हसली. "मोतीबिंदू काढला की थोडे दिवस पांढरं निळसर दिसतं, काका. जुनं भिंग पिवळं पडलेलं असतं. आता नवं कोरं बसवलंय ना."

चेकरसाहेबांनी नवा डोळा मिटला आणि जुन्या डोळ्यानं पाहिलं. फुलं पिवळट झाली. मग जुना मिटून नवा उघडला. फुलं निळसर. हा खेळ त्यांनी इतक्या वेळा केला की पलीकडच्या खाटेवरच्या बाईंना वाटलं, हा म्हातारा आपल्याला डोळा मारतोय. त्यांनी चादर हनुवटीपर्यंत ओढली आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

"मग खरा रंग कुठला?"

"पांढराच की."

"कशावरून? फोटोत रंगच नाही. फिकी गुलाबी असती तरी पांढरीच दिसली असती."

नर्स दाराशी उभ्या असलेल्या त्यांच्या सुनेकडे वळली आणि औषधाचे थेंब कधी घालायचे ते समजावू लागली. पण सुनेचं लक्ष सासऱ्यांकडे होतं. ते खाटेच्या कडेला पुढे वाकून बसले होते, मान एका बाजूला कलती. मग ते स्वतःशीच पुटपुटले, "यात एक बिनतिकिटी आहे."

चेकरसाहेबांचा सगळा जन्म बसमध्ये तिकिटं तपासण्यात गेला होता. फुकट्या माणूस तोंडावरून नाही, मानेवरून ओळखायचा, असं ते सांगत. तिकीट असलेल्याची मान सैल असते; नसलेला खिडकीबाहेर बघत असतो, पण मान ताठ. नोकरी संपली तरी ती नजर काही निवृत्त झाली नव्हती. मोतीबिंदूनं मात्र ती हळूहळू मंद केली, आणि नजरेबरोबर माणूसही मंदावला. आधी पेपर सुटला, मग संध्याकाळचा फेरफटका सुटला, आणि मग बोलणं. खुर्ची, रेडिओ आणि ते, असे तिघं एका कोपऱ्यात असायचे.

सून दात बनवायची. म्हणजे दातांचे डॉक्टर तोंडाचा साचा पाठवायचे आणि ती कारखान्यात बसून चिनी मातीच्या भुकटीचे थरावर थर चढवून, बारक्या भट्टीत भाजून, शेजारच्या दातांत बेमालूम मिसळेल असा दात करायची. तिच्या टेबलावर पांढऱ्याच्या छटांची एक पट्टी कायम असे. पांढरा असा एक रंगच नसतो, हे तिचं ठाम मत. कुठला लोण्याकडे झुकतो, कुठला राखेकडे, कुठला निळ्याकडे. ओळख झालेल्या माणसाचं नाव ती विसरे, दात विसरत नसे.

सासरे-सुनेचं वैर नव्हतं. पण दोघांमध्ये बोलणंही फारसं नव्हतं. सासूबाई लग्नाआधीच गेलेल्या. नवरा विजेचे मनोरे उभारायच्या कामावर. महिन्यातले बरेच दिवस बाहेरगावी. घरात उरली ही दोघं. "जेवायला वाढू, बाबा?" "वाढ." "पंखा लावू?" "नको." एवढ्यावर दिवस निघायचा. ऑपरेशनला नेण्याची पाळीही तिच्यावर आली ती नवऱ्याला सुट्टी मिळाली नाही म्हणून.

पट्टी निघाल्यावर मात्र घरात गंमतच सुरू झाली. चेकरसाहेब एकेका वस्तूसमोर उभे राहायचे आणि आलटून पालटून डोळे मिटायचे. दूध. शर्ट. न्हाणीघरातल्या फरशा. स्वतःच्या मिशा.

"सूनबाई, हे जाळं कधीपासून आहे इथं?"

"मी आल्यापासून असेल, बाबा."

"आणि तू काढलं नाहीस?"

"तुम्हाला दिसत नव्हतं, आणि मला वेळ नव्हता."

ते खो खो हसले. सुनेनं त्यांना असं हसताना पूर्वी पाहिलं नव्हतं. त्यांच्या खालच्या ओळीत उजवीकडे एक दात नाही, हे तिला तेव्हा कळलं.

पण जेवताना ते परत त्या फोटोवर आले. "त्या गुच्छात काहीतरी खोट आहे. काय ते सांगता येत नाही. भरलेल्या बसमध्ये शिरलं की पाठीतून कळतं ना, तसं."

"बाबा, फुलं आहेत ती. त्यांना कसलं तिकीट?"

"तू पुढच्या वेळी नीट बघ. तुझा धंदाच पांढऱ्याचा आहे."

पुढच्या तपासणीला गेल्यावर तिनं बघितलं. आधी उगाच, सासऱ्यांचं मन राखायला. मग जवळ जाऊन. मग चष्मा कपाळावर सरकवून, नाक जवळजवळ काचेला टेकवून. रांगेत बसलेले पेशंट आपलं दुखणं विसरून तिच्याकडे बघू लागले.

"बाबा," ती मागे न वळता म्हणाली, "खाली, डावीकडचं. बरणीच्या काठावर मान टाकलेलं."

"त्याचं काय?"

"बाकीच्यांवर उजेड पडून परत येतो. याच्यात तो थोडा आत जातो. जात निराळी आहे. एखाद्या तोंडात सगळे दात अस्सल असावेत आणि एक कॅप बसवलेली असावी, तसं. ते नंतर बसवलंय. खोटं आहे ते."

चेकरसाहेब उठून उभेच राहिले. "सापडला!"

गलका ऐकून डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. त्यांना वाटलं, कुणी पडलं. काय चाललंय ते कळल्यावर त्यांनीही मान वाकडी करून फोटो पाहिला आणि कबूल केलं, "मी रोज याच्यासमोरून जाते. फुलं किती आहेत असं कुणी विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं." फोटो त्यांच्या वडिलांच्या वेळचा होता. हा दवाखाना त्यांनीच काढलेला. रंगीत चित्र नको, पट्टी काढल्यावर पेशंटच्या डोळ्यांना त्रास होतो, असं म्हणून त्यांनी हा मुद्दाम काढून घेतला होता. जुन्या बाजारातल्या घड्याळाच्या दुकानावर एका बाईंचा फोटो स्टुडिओ होता, तिथून. त्या बाई आहेत की नाहीत, याचा डॉक्टरीणबाईंना पत्ता नव्हता.

तपासणी झाली. नवा डोळा उत्तम होता. "आता दुसरा कधी करायचा?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"करायचा नाही," चेकरसाहेब म्हणाले.

"का?"

"एका डोळ्याला पिवळं दिसतं, एकाला निळं, म्हणून तर मी विचारतोय की खरं काय. दोन्ही एकसारखे केलेत तर मला हा प्रश्न पडेल तरी का?"

डॉक्टरीणबाईंनी सुनेकडे पाहिलं. सुनेनं खांदे उडवले. बाहेर आल्यावर जिन्यात मात्र ती थांबली.

"बाबा, पैज लावता? त्या बाईंना शोधू. मी म्हणते तसं ते एक फूल खोटं निघालं, तर दुसरा डोळा करायचा. मुकाट्यानं."

"आणि नाही निघालं तर?"

"तर तुम्ही म्हणाल ते."

"दर रविवारी माझ्याबरोबर बसनं फिरायचं. कुठं जायचं ते मी ठरवणार."

इतकी सोपी मागणी ऐकून तिला जरा चमत्कारिकच वाटलं. "चालेल," ती म्हणाली.

जुना बाजार त्यांच्या घरापासून लांब होता. सुट्टीच्या दिवशी दोघं बसनं निघाली. चेकरसाहेब खिडकीशी बसले खरे, पण बाहेर एकदाही बघितलं नाही. सगळा वेळ माणसांच्या माना तपासत होते. "तो निळ्या टोपीवाला," ते तिच्या कानाशी लागून म्हणाले. पुढच्या थांब्यावर तपासनीस चढला, आणि निळ्या टोपीवाल्यानं ऐटीत खिशातून पास काढून दाखवला. चेकरसाहेबांचा चेहरा असा पडला की सुनेला हसू लपवायला रुमाल काढावा लागला.

घड्याळाचं दुकान सापडलं. वरच्या स्टुडिओत आता व्यायामशाळा होती. डोक्यावर वजनं आदळत होती आणि भिंतीवरची सगळी घड्याळं दर दणक्याला थरथरत होती. "फोटोवाल्या बाई ना?" घड्याळजी म्हणाला. "आहेत की. मागच्या अंगाला, तळमजला. पण जपून जा. नवरा-बायको भांडत असली तर थोडं थांबून बेल वाजवा."

दोघं भांडत नव्हती. निदान तेव्हा तरी नव्हती. दार उघडलं ते फोटोवाल्या बाईंनीच. उंच, हडकुळ्या, केस कापलेले, बोटांवर जुने तपकिरी डाग. कोण, कुठले, कशाला, हे त्यांनी दारातच विचारून घेतलं. दवाखान्यातल्या फुलांचं नाव निघताच मात्र बाजूला झाल्या. "या. चपला राहू देत. फरशी तशीही घाण आहे."

खोलीत एक मोठं टेबल होतं आणि त्यावर शिवणाचं मशीन, कापडाचे तुकडे, खडूचे तुकडे, मोठी जड कात्री. पलीकडे आरामखुर्चीत एक गोलमटोल म्हातारा पेंगत होता. "हे आमचे मास्तर," बाई म्हणाल्या. "शर्ट कापायचे. आता माझं डोकं खातात. त्यांना कमी ऐकू येतं, पण जोरात बोलायची गरज नाही, हवं तेवढं बरोब्बर ऐकतात."

चेकरसाहेबांनी प्रस्तावना केलीच नाही. "बाई, त्या फोटोत एक बिनतिकिटी आहे."

"काय आहे?"

सुनेनं मग सगळं नीट सांगितलं. निळं-पिवळं, पांढऱ्याच्या छटा, काठावरचं मान टाकलेलं फूल. बाई ऐकता ऐकता खुर्चीवर टेकल्या. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू असं काही आलं, जसं एखाद्या मुलानं अवघड गणित सोडवल्यावर मास्तरणीच्या चेहऱ्यावर यावं.

"इतक्या वर्षांत कुणाच्याही लक्षात आलं नाही," त्या म्हणाल्या. "तू बरोबर फूल पकडलंस, मुली. पण उलटं पकडलंस."

"म्हणजे?"

"ते एक खरं आहे. बाकी सगळी खोटी."

चेकरसाहेबांनी गुडघ्यावर थाप मारली. "अख्खी बस बिनतिकिटी! आणि मी धरला तो एकटा तिकीटवाला!"

बाईंनी मग सांगितलं ते असं. मोठ्या डॉक्टरांनी पांढऱ्या फुलांचा फोटो मागितला तेव्हा त्यांच्या मोठ्या कॅमेऱ्याला खूप उजेड लागायचा. दिवे असे तापायचे की जवळ हात नेला तर चटका बसावा. फुलं आणायची, मांडायची, उजेड जुळवायचा, आणि तोवर फुलांनी माना टाकलेल्या. एक गुच्छ गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. घरातल्या सगळ्या बादल्यांत फुलं. बाईंचं डोकं फिरलेलं, त्यात मास्तरांशी कशावरून तरी वाजलं आणि अबोला धरला. कशावरून ते आता दोघांनाही आठवत नाही.

"आणि एका सकाळी उठून बघते तर टेबलावर हा गुच्छ," बाई म्हणाल्या. "कॉलरमध्ये घालायचं बकरम असतं ना, कडक कापड, त्याच्या पाकळ्या. एकेक पाकळी इस्त्रीच्या टोकानं वळवलेली. हे कामावर निघून गेलेले. एक शब्द नाही. मी बघतच राहिले. पण फोटो काढायला गेले तर वाटलं, नुसती कापडाची आहेत हे कळेल. मग बादलीतलं त्यातल्या त्यात ताठ असलेलं एक फूल घेतलं आणि पुढे, काठावर ठेवलं. एक खरं असलं ना, की बाकीच्यांवर विश्वास बसतो. खोटं बोलणाऱ्यालाही हे ठाऊक असतं. मग मी शिकवायला जायचे तेव्हा पोरांना हेच सांगायचे. अख्खं चित्र एका खऱ्या फुलावर उभं राहतं."

"वा," सून म्हणाली. ती मनापासून म्हणाली. पैज हरल्याचंही तिला भान राहिलं नव्हतं. एवढंच की मनात कुठंतरी पाल चुकचुकत होती. त्या फुलात उजेड आत शिरत होता, हे बरोबर. पण तो ज्या तऱ्हेनं शिरत होता, ती तऱ्हा तिच्या ओळखीची नव्हती.

"नव्हतं खरं," आरामखुर्चीतून आवाज आला.

सगळे वळले. मास्तरांनी डोळे उघडले होते.

"अहो, झोपा तुम्ही," बाई म्हणाल्या. "तुम्ही कुठं होतात तिथं? मी स्वतःच्या हातानं ठेवलं होतं."

"ठेवलं होतंस. मी डबा विसरलो म्हणून परत आलो. तू त्या काळ्या खोलीत होतीस, फिल्म भरत. दिवे चालू. आणि तुझं ते खरं फूल असं लोंबलं होतं." त्यांनी मनगट खाली टाकून दाखवलं. "म्हटलं, आता ही बाहेर येणार, हे बघणार, आणि परत रडारड. बकरम संपलेलं. खिशाच्या अस्तराचं कापड होतं, मऊ. त्याचंच एक कापलं, घाईघाईत. इस्त्री तापवायलाही वेळ नव्हता, म्हणून ते मान टाकून बसलंय. तुझं फूल खिशात घातलं आणि डबा घेऊन गेलो."

सुनेला वाटलं, आता इथून उठावं. पण उठवेना. पुढे काय, हे कळल्याशिवाय तिचा पाय निघणार नव्हता, आणि चेकरसाहेबांचा तर त्याहून नाही. ते नवा डोळा मास्तरांच्या मानेवर रोखून बसले होते.

"इतकी वर्षं," बाई म्हणाल्या, "मी लोकांना सांगत आले. वर्गात सांगितलं. पाहुण्यांना सांगितलं. तुमच्यासमोर सांगितलं! आणि तुम्ही मूग गिळून बसलात?"

"काय करू? अबोला होता," मास्तर म्हणाले. "आणि अबोला सुटला तोवर तू ते सांगायला लागली होतीस. इतकं छान सांगायचीस. त्यात मी कुठं अस्तर घुसडू?"

"मग आजच का घुसडलंत?"

मास्तरांनी सुनेकडे बोट दाखवलं. "ही पोर म्हणाली ना, याची जात निराळी आहे, नंतर बसवलंय. बरोबर बोलली. आणि तू तिला चूक ठरवलंस. धंद्यातल्या माणसाला असं बरोबर असताना चूक ठरवू नये. मला बघवलं नाही."

"खोटं आहे हे!" बाई उसळल्या. "मला चिडवायला आत्ता रचलंय. खरं फूल होतं ते. मला त्याचा ओलावा आठवतोय हाताला."

"ओलावा फुलाचा असेल. फोटोतलं अस्तर."

यावर जे जुंपलं ते वरच्या व्यायामशाळेलाही ऐकू गेलं असेल. चेकरसाहेब आणि सून मधे सापडली. बाईंना साक्षीदार हवा होता, मास्तरांना पंच. बाईंनी चेकरसाहेबांना विचारलं, "तुम्ही सांगा, हा माणूस खरं बोलतोय?" चेकरसाहेबांनी मास्तरांच्या मानेकडे एका डोळ्यानं पाहिलं, मग दुसऱ्यानं पाहिलं.

"मान सैल आहे," ते म्हणाले. "पण बाई, आज सकाळीच बसमध्ये माझी मान चुकली."

निगेटिव्ह तपासावी म्हटलं तर ती नव्हती. स्टुडिओ बंद केला तेव्हा पाणी शिरून सगळ्या वाया गेल्या होत्या. जगात तो एकच फोटो होता, दवाखान्यातला. मास्तरांनी तोवर कात्री हातात घेतली होती. अस्तराच्या तुकड्यातून एक पाकळी निघाली, मग दुसरी. ती त्यांनी चिमटीत धरून सुनेपुढे केली. "बघ, असाच उजेड आत जातो का?"

तिनं ती खिडकीशी नेली, वळवली, पुन्हा वळवली. "जातो," ती म्हणाली. मग बाईंचा चेहरा पाहून घाईनं म्हणाली, "पण खऱ्या पाकळीतही जातो. फोटो परत बघितल्याशिवाय नाही सांगता येणार."

निघताना चेकरसाहेबांनी बाईंना आपला मूळ प्रश्न विचारलाच. "ते सगळं असू दे. रंग कुठला होता? कापडाचा?"

"निळसर," बाई म्हणाल्या. "शाळेच्या गणवेशांचं बकरम होतं, त्याला निळीची झाक असायची."

"बघ!" चेकरसाहेब सुनेकडे वळले. "माझा नवा डोळा!"

"साहेब," बाई म्हणाल्या, "फोटोत तो रंग नाहीच. तुमचा डोळा नुसता नवा आहे. तुम्हाला माझी ही भिंतही निळीच दिसेल."

चेकरसाहेबांनी भिंतीकडे पाहिलं. "दिसतेय," ते नाइलाजानं म्हणाले. बाई त्या दुपारी पहिल्यांदा हसल्या.

परतीच्या बसमध्ये पैजेचा प्रश्न निघाला. सून म्हणाली, मास्तर खरे असतील तर मी जिंकले. चेकरसाहेब म्हणाले, पैज एका खोट्या फुलाची होती, इथं तर खोट्यांचं पोतं निघालं. वाद घालता घालता उतरायचा थांबा मागे पडला. पुढच्या थांब्यावर उतरून दोघं चालत घरी आली, आणि चालताना त्यांनी तिला सांगितलं की सासूबाईंनाही असंच वाद घालायला आवडायचं, फक्त त्या कधी हरायच्या नाहीत. सुनेनं विचारलं, कशा दिसायच्या हो? नवऱ्याला विचारलं की तो फक्त "आईसारखी" म्हणायचा. चेकरसाहेब दारापर्यंत सांगत होते. कुलूप उघडल्यावरही सांगत होते. रात्री नवऱ्याचा फोन आला तेव्हा घरात इतका आवाज कसला, असं त्यानं विचारलं.

दोघंही हरली असं ठरलं. म्हणजे दुसरा डोळाही करायचा आणि रविवारची बसही.

दुसऱ्या डोळ्याच्या दिवशी सून बाहेरच्या खोलीत थांबली होती. चेकरसाहेबांना आत नेलं होतं. ठरल्याप्रमाणे दार ढकलून फोटोवाल्या बाई आत आल्या. एकट्याच. खांद्याच्या पिशवीतून त्यांनी फोटो तपासायचं जुनं जाड भिंग काढलं.

"मास्तर नाही आले?"

"त्यांना सांगितलं, औषधं आणायला जाते." बाई थेट फोटोपुढे जाऊन उभ्या राहिल्या. डॉक्टरीणबाईंची परवानगी सुनेनं आधीच घेऊन ठेवली होती. नर्सनं चौकट उतरवली, मागची पाटी काढली, आणि काचेखालून तो मोठा कागद सुटा करून टेबलावर ठेवला. बाईंनी भिंग काठावरच्या फुलावर टेकवलं आणि त्यावर डोळा लावला.

आतून कुणाला तरी हाक मारल्याचा आवाज आला, कुणाची चप्पल वाजली. मग बाईंनी तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हटलं आणि भिंग सुनेच्या हातात दिलं. "खालच्या पाकळीची कड बघ."

सुनेनं पाहिलं. आधी नुसते करड्या रंगाचे कण दिसले. मग कड. कडेवरून एक बारीक रेघ बाहेर आली होती, केसाहून बारीक, टोकाशी जराशी वळलेली. घाईत कापलेल्या कापडाचा सुटलेला धागा.

तिनं मान वर केली. बाई खुर्चीत बसल्या होत्या. रागावलेल्या नव्हत्या. त्या समोरच्या मोकळ्या भिंतीकडे बघत होत्या, जिथं खिळा तेवढा उरला होता.

"डबा घेऊन कामावर जायला उशीर झालेला," त्या म्हणाल्या. "त्या काळात उशिरा गेलं की मुकादम अर्धा दिवस कापायचा. आणि हा माणूस तिथं उभा राहून फूल कापत होता. ज्या बायकोशी बोलत नव्हता तिच्यासाठी." त्यांनी भिंग पिशवीत टाकलं. "त्यांना सांगू नकोस."

"काय?"

"मला धागा दिसला ते. कळलं की जिंकले म्हणून गप्प बसतील. या वयात घरात एक चांगलं भांडण असावं. रोज सकाळी चहाबरोबर सुरू होतं, दोघंही टवटवीत असतो."

"नाही सांगणार," सून म्हणाली. "पण बाबांना? ते बाहेर आले की पहिलं हेच विचारतील. आणि माझ्या तोंडात तीळ भिजत नाही."

बाईंनी विचार केला. "त्यांना सांग. तपासनीस माणूस आहे, सत्य कळल्याशिवाय जखम भरायची नाही."

कागद परत काचेखाली गेला, चौकट भिंतीवर चढली. बाईंनी थोडं मागे सरकून एकदा पाहून घेतलं आणि औषधांच्या दुकानाचा रस्ता विचारून निघाल्या. रिकाम्या हातानं घरी जाऊन कसं चालेल? थोड्या वेळानं चेकरसाहेबांना बाहेर आणलं. एका डोळ्यावर पट्टी, दुसरा टक्क उघडा. नर्सच्या आधारानं खुर्चीत बसायच्या आधीच त्यांनी विचारलं, "आल्या होत्या ना? काय निघालं?"

सून त्यांच्या शेजारी बसली, इकडेतिकडे पाहिलं, आणि त्यांच्या कानाशी लागून सांगायला लागली.